आवशीचं पान

कसालच्या तिठ्यावर एस.टी. वळली तेव्हा सत्यवान मेथराच्या मांडीवरचा लिफाफा घसरून खाली पडला. उचलायला वाकताना त्याच्या मनात आलं, पडलाच आहे तर पडू दे, पायाने सीटखाली सारावा आणि मालवणला मोकळ्या हातांनी उतरावं. पण तसं करणारी माणसं वेगळी असतात, त्यांना सुखाची झोपही लागते. सत्यवानाने लिफाफा उचलला, पँटीला पुसला आणि आतला तोच कागद चौथ्यांदा बाहेर काढला. ओरोसला वकिलांनी दिलेला, कुणाच्या तरी जबाबाचं कोर्टाच्या भाषेतलं मराठी. कुणाच्या तरी म्हणजे कुणाच्या हे त्याला चांगलं ठाऊक होतं. लेस्याच्या. त्याच्या धाकट्या भावाच्या, नितेशच्या बायकोच्या. नितेश तिकडे युक्रेनात बॉम्बखाली गेला, लेस्याही गेली असं गाव समजून होतं, आणि त्यांची पोर जान्हवी सत्यवानाने अनाथ म्हणून दत्तक घेतली होती, रीतसर, शिक्के मारून. साडेतीन वर्षांची आली ती आता सातची झाली. आणि आता पोलंडमधल्या कुठल्याशा गावी, एका शाळेच्या खोलीत राहणारी लेस्या कोर्टाला सांगत होती की मी जिवंत आहे, माझी मुलगी मला द्या. परवा मंगळवारी सत्यवानाची साक्ष. तो काय बोलतो त्यावर पोर राहणार की जाणार. एवढं डोक्यावर असताना माणसाने एका ओळीपाशी अडकून बसावं हे काही शहाणपणाचं नव्हे, पण तो बसला होता. ‘सदर छायाचित्रात माझी मुलगी दिसली. तिच्या मागे पाटावर माझा फोटो ठेवलेला असून त्यास झेंडूच्या फुलांची माळ घातलेली होती. ते पाहून माझी खात्री झाली की सदर कुटुंब मला विसरलेले नाही व माझी वाट पाहात आहे.’

वाट पाहात आहे! सत्यवानाने डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल फोटोला माळ कधी घालतात ते. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर केळीच्या पानांची गुंडाळी होती आणि गाडी हिसकली की पानांची थंड टोकं त्याच्या हाताला लागत होती. आज सर्वपित्री. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान अमावास्येला. बाईने ओळख नसतानाही विचारलं, तुमच्यात पण आज म्हाळ का, आणि त्याने मान हलवली. कुणाचा, असं तिने विचारलं नाही हे बरं झालं. सकाळी पहिल्या गाडीसाठी निघताना सारिकाने, त्याच्या बायकोने, विचारलंच होतं. काळे वाटाणे निवडता निवडता, वर न बघता. “पानां किती मांडू?” साधा प्रश्न. गेली दोन वर्षं तीन पानं मांडत होते. एक आबांचं, म्हणजे सत्यवानाच्या बापाचं, एक नितेशचं, एक लेस्याचं. आईचं पान तिच्या तिथीला आधीच होऊन जाई. शिमग्याच्या सुमाराला कोर्टाची नोटीस आली तेव्हापासून लेस्या जिवंत आहे हे दोघांना ठाऊक झालं होतं, पण त्यावर घरात बोलणं व्हायचं ते फक्त वकील, तारीख, कागद. पोरीला तर काहीच सांगितलेलं नव्हतं. मग आज पानं किती? दोन मांडली तर पोर विचारणार. तीन मांडली तर जित्या बाईचं पान मांडलं. सत्यवानाने चपला घातल्या आणि येऊन बघू म्हणाला. पानं कशी मांडायची ते येऊन बघू! बावीस वर्षं जहाजावर फिटर म्हणून काढलेला माणूस, इंजिनात आवाज झाला की कानाने बिघाड ओळखणारा, आणि आपल्या घरात कुठे खडखडतंय ते ऐकू येत असून गाडी पकडायला पळाला.

विनीत वकील माणूस वाईट नाही. ऑफिसात टेबलापलीकडे बसला की शुद्ध बोलतो, पडवीत चहा घ्यायला आला की त्याची जीभ घरी येते. आज रविवार असून त्याने सत्यवानासाठी वेळ काढला, जबाब वाचून दाखवला, आणि वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून सत्यवानाला आधी कळेचना की हा कशाला हसतोय. आपल्याला भीती त्या फोटोचीच होती, वकील म्हणाला. मुंबईच्या भक्तीने, सारिकाच्या भाचीने, पहिल्या वर्षी म्हाळाला आली असताना तो काढला आणि हौसेने जगाला दाखवला. समोरचा वकील म्हणणार, आई जिवंत असताना ह्यांनी तिला मेलेली ठरवली, पोरीकडून तिचे दिवस करून घेतले, ह्यांचा हेतूच मुळात वाईट. पण आता बाई स्वतःच म्हणते की फुलं प्रेमाने घातली. मग आपण कशाला नाही म्हणायचं? चहाचा कप ठेवून तो पडवीत त्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, “मेथरांनू, ह्या बायन आपलां काम सोपां केल्यान. तुमी इतक्याच सांगा, आमी तिका मेलेली कधी समजाकच नाय. चेडवाक सांगीत होतो, आवस येतली तुजी.” म्हणजे आई येईल असं पोरीला सांगत होतो म्हणायचं, आणि दत्तकाच्या कागदावर ‘मयत’ असं लिहिलंय ती लिहिणाऱ्याची चूक. बाकी पोरीची शाळा, पोरीची भाषा, पोरीची सवय, हे सगळं आपल्या बाजूने आहेच. ती बाई एका कानाने बहिरी, पायाने अधू, परक्या देशात दुसऱ्याच्या खोलीत. मग त्याने शेवटचं म्हणून विचारलं, त्या वेळी तिकडून तुम्हाला लेखी काही आलं नव्हतं ना? सत्यवान नाही म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आलं होतं. पोर येऊन तीन महिने झाले असतील, तेव्हा आलं होतं. नितेशने खारकोवात विद्यार्थ्यांची खानावळ चालवली होती. डॉक्टर व्हायला गेला आणि डाळ-भात रांधायला लागला म्हणून गावाने त्याची थट्टा केली, पण त्याच खानावळीत जेवणाऱ्या वैभववाडीच्या तन्वी नावाच्या मुलीने त्याची पोर कडेवर घेऊन हद्द ओलांडली, रेल्वेत उभी राहून, बर्फातून चालत, आणि दिल्लीला विमानातून उतरून सत्यवानाच्या हातात दिली. त्या मुलीचे ओठ फुटलेले होते. ती म्हणाली, नितेशकाकांना मी बघितलं, त्यांचं नक्की. वहिनी पोरीचं औषध आणायला बाहेर गेल्या होत्या, मग ते झालं, आणि मला नक्की माहिती नाही काका. दोनदा म्हणाली, नक्की माहिती नाही. आणि मग तो कागद आला, तिकडच्या कचेरीचा, इंग्रजीत. नितेशच्या नावापुढे मयत. लेस्याच्या नावापुढे मिसिंग. हा शब्द सत्यवानाला कुणी समजावून सांगायला नको होता. त्याच्या जहाजावरचा एक ऑइलर अरबी समुद्रात रेलिंगवरून गेला तेव्हा कप्तानाने लॉगबुकात हाच शब्द लिहिला होता, आणि तीन दिवस शोधूनही दुसरा शब्द लिहायला हात उचलला नव्हता. सत्यवान तो कागद हातात घेऊन मागच्या दारी उभा होता. आत सारिका पोरीला झोपवत होती. पंधरा वर्षं त्या बाईने काय काय केलं नाही. डॉक्टर झाले, धामापूरच्या भगवतीला नवस झाले, दुसऱ्यांच्या बारशांना जाऊन पाळण्याच्या दोऱ्या ओढून झाल्या. आता तिच्या मांडीवर पोर होती आणि ती त्या पोरीला न कळणाऱ्या भाषेत गुणगुणत होती. तिने आतूनच विचारलं, कसलो कागद? तो म्हणाला, नितेशचो. दोघांय? असं तिने विचारलं. आणि सत्यवान म्हणाला, “दोघांय.” बस. एवढंच. खोटं बोलायला माणसाला फार वेळ लागत नाही. कागद त्याने जहाजाच्या जुन्या सर्टिफिकिटांच्या फायलीत घातला आणि फाइल आबांच्या ट्रंकेत.

आबांच्या ट्रंकेत! दुसरी जागा मिळाली नाही त्याला. कट्टा गावात गाडी थांबली, दोघे उतरले, तिघे चढले, पानवाली बाई सरकली नाही. आबा गेले तेव्हा सत्यवान आठ वर्षांचा होता आणि नितेश आईच्या अंगावर पीत होता. नारळी पुनवेनंतर चार दिवसांनी होडी समुद्रात गेली आणि आली नाही. बरोबरचे दोघे तळाशीलच्या किनाऱ्याला लागले, आबा लागले नाहीत. तेव्हाच्या भटजींनी, दाजींनी सांगितलं, देह नाही, बघणारा नाही, बारा वर्षं थांबायला हवं. तोवर पान नाही, श्राद्ध नाही. आणि त्याच्या आईने, यशोदेने, बारा वर्षं कपाळाचं कुंकू ठेवलं. सोपं नव्हतं ते. नवऱ्याची वाट बघणारी म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे बायकांना ठरवता येत नसे. बोलवायच्या, पण करंडा तिच्यापर्यंत येईतो हात जड व्हायचे. टोपली घेऊन ती मालवणच्या बाजारात मासे विकायला बसे आणि कुणी म्हणे आबा वेरावळास दिसला, कुणी म्हणे पाकिस्तानच्या तुरुंगात आहे, आणि ती प्रत्येक वेळी उठून विचारायला जाई. सत्यवानाला आईचा राग येई. मेला तर मेला म्हणून मोकळी हो, असं त्याला वाटे. रोज संध्याकाळी चार पानं वाढायची आणि एकावर झाकण घालायचं, हे काय जगणं? पण तिने बारा वर्षं काढली. मग सत्यवान विसाचा असताना दर्भाचा पुतळा केला, किनाऱ्यावर जाळला, आणि परसातल्या विहिरीच्या, बावीच्या कठड्यावर आबांचं पहिलं पान ठेवलं. कावळा येईना. तास झाला. तेव्हा यशोदा पुढे झाली आणि पानाशी वाकून म्हणाली, “तुमची वाट बगून झाली माजी. आता जेवा.” कावळा आला, वड्याला चोच लावली, आणि तिने तिथल्या तिथे पदराने कपाळ पुसलं.

ह्या घरात वाट बघणं म्हणजे काय ते असं सगळ्यांनी बघितलेलं. आणि त्याच बाईच्या मुलाने भावाच्या बायकोला दोन वर्षंसुद्धा दिली नाहीत. दोन कसली, दोन मिनिटं. आपण असे का वागलो ह्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते इतकं साधं होतं की त्याची शरम वाटावी. पोर हवी होती. दुसरं काही नाही. बेपत्ता बाईची पोर म्हणजे उसनी पोर. तिला जीव लावायचा आणि दर वेळी फाटक वाजलं की दचकायचं. मेलेल्या बाईची पोर आपली. लेस्या वाईट असती तर बरं झालं असतं. एकदाच आली होती, गणपतीला, नितेशबरोबर, पोर तान्ही होती तेव्हा. सगळ्यांशी हसायची, भाषा नाही म्हणून हातांनी बोलायची, यशोदेबरोबर मासे साफ करायला बसली आणि बोटाला काटा लागला तरी उठली नाही. एका दुपारी सारिकाने तिला टिकल्यांचं पाकीट दिलं. तिने एक स्वतःला लावली, एक पोरीला, एक सारिकाला, आणि मग बघितलं तर सासूचं कपाळ मोकळं. तिने टिकली काढली आणि यशोदेच्या कपाळाला चिकटवली, अंगठ्याने दाबून. सत्यवानाला आठवतं, नितेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. यशोदेने हात वर नेला आणि मग खाली घेतला. “ऱ्हवांदे,” ती म्हणाली, “तिका काय ठावक.” दिवे लागेपर्यंत तिने ती टिकली ठेवली, सारखी आरशापाशी जाऊन येत होती म्हातारी. त्याच दिवशी लेस्या बावीच्या कठड्यावर बसलेली असताना नितेशने तिचा फोटो काढला होता. पुढे माळ घालायला घरात तिचा तेवढाच एक फोटो निघाला. तिका काय ठावक. टिकली कुणाला लावायची नसते ते तिला ठाऊक नव्हतं आणि फुलं कुणाला घालतात तेही ठाऊक नव्हतं. आठ महिने इस्पितळात कागदपत्रांवाचून पडलेली, स्वतःचं नावही धड न सांगता येणारी बाई, बरी झाल्यावर कुणाच्या तरी फोनवर नवऱ्याच्या गावाचं नाव शोधत बसते, आणि त्या फोनमध्ये तिला तिची पोर दिसते, आणि फुलं. ती म्हणते, माझी वाट बघतायत. सत्यवानाला एकदम मोठ्याने रडावंसं वाटलं. एस.टी.त, भर दुपारी, पानवाल्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून.

चौक्याला धामापूरचा फाटा मागे गेला. एवढं सगळं असूनही दोन वर्षं तो बरा झोपत होता, आणि ती झोप त्याला दिली होती एका कावळ्याने. हे तो कुणाला सांगू शकला नसता. पहिल्या वर्षी, वर्षश्राद्ध वगैरे उरकून, सर्वपित्रीला तीन पानं मांडली होती. दत्तकाचे कागद झालेले, गावजेवण झालेलं, आणि ट्रंकेतला तो एक शब्द त्याला बोटातल्या काट्यासारखा सलत होता. दाजी आता अगदी थकलेले, त्यांनी विचारलं, दोघांची बातमी नक्की ना रे? तो होय म्हणाला. आणि पानं बावीवर ठेवून मागे सरकताना त्याने मनातल्या मनात पैज लावली. ती जिवंत असेल तर तिच्या पानाला कावळा शिवणार नाही. नाही शिवला तर आजच सारिकाला सांगेन, आजच पत्र लिहीन, शोध घ्या म्हणेन. शिवला तर ती गेली, आणि मी खोटं बोललो नाही, थोडं आधी बोललो इतकंच. जान्हवी पुढे उभी राहून बारीक आवाजात का का करत होती. आबांच्या पानाला वेळ लागला, नितेशच्या पानाला वेळ लागला. पण लेस्याचं पान पोरीने स्वतःच्या हाताने ठेवलं मात्र, माडावरून एक कावळा सरळ खाली आला, न बिचकता, माणसं बाजूला व्हायचीही वाट न बघता, आणि खायला लागला. आजूबाजूच्या बायकांनी हात जोडले. पोरीच्या हातचां म्हणान लगेच शिवलो, असं त्या म्हणाल्या. सत्यवानाचं सगळं अंग हलकं झालं. सरकारी कचेरीपेक्षा कावळा मोठा, हे ठरवायला त्याला क्षणही लागला नाही. मग शिमग्याला नोटीस आली. आता गेले सहा महिने त्याला पडलेला प्रश्न वेगळाच होता आणि तो कुठल्या वकिलाला विचारता येण्यासारखा नव्हता. जित्या बाईचं पान कावळ्याने खाल्लं. मग आबांचं खाल्लं त्याला काय अर्थ? आईने त्या एका चोचीवर कपाळ पुसलं होतं. ते खरं होतं हे कशावरून? वेरावळला दिसलेला माणूस कोण होता?

मालवणला उतरून स्टँडबाहेर लावलेली स्कूटर त्याने काढली. आचऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर वाऱ्याने लिफाफा शर्टात फडफडायला लागला. मंगळवारी काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. आम्ही तिला मेलेली कधी समजलोच नाही. अवघड काय आहे त्यात? गाव काही कोर्टात येऊन सांगणार नाही. दाजी सांगणार नाहीत. तोंडवलीत दोन खोल्या पर्यटकांना देतो आपण, सगळ्यांशी बरे आहोत, पोर सगळ्यांची लाडकी आहे. पर्यटक तिला मालवणी बोलायला लावतात आणि फोनवर धरतात. आणि लेस्या स्वतः म्हणते. तिच्या शब्दाला तिच्याविरुद्ध उभं करायचं, इतकंच. ती तिकडून ऐकेल, एका कानाने, दुभाषी सांगेल तिला, की होय, ते तुझी वाट बघत होते, आणि ती मान हलवेल, आणि पोर आपली राहील. हे जमेल आपल्याला, असं त्याला वाटलं आणि त्या वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

फाटकात जान्हवी उभी होती. पिंगट केसांना तेल लावून सारिकाने घट्ट वेणी घातलेली, अंगात परकर-पोलका. कितको उशीर बाबा, माका भूक लागली, असं म्हणत तिने त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं. पडवीत केळीची पानं धुऊन उभी ठेवली होती. आतून वड्यांचा वास येत होता. सारिका दारात आली, घामाने भिजलेली, हाताला पीठ, आणि तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, ह्या वेळी त्याच्याकडे बघून. “किती?”

सत्यवानाने चपला काढल्या, हात-पाय धुतले, जमेल तितका वेळ काढला. मग म्हणाला, दोन. जान्हवीने बोटं उघडली, एकेक मोजली. आबांचां, पप्पांचां, आवशीचां. तीन होतत बाबा. लेस्याला ती आवस म्हणे आणि सारिकाला आई. हे तिने आपलं आपण ठरवलेलं. आवशीच्या पानाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. खीर जास्त घालायची, वडा फोडून ठेवायचा. वर्षातून एक दिवस आवस जेवायला येते एवढं तिला ठाऊक होतं, आणि तो दिवस ती ऑगस्टपासून विचारत असे. सत्यवान उंबऱ्यावर बसला आणि तिला जवळ ओढलं. सारिका म्हणाली, “अवो, नको,” हळूच, कुणी झोपलेलं असावं तसं. पण ते त्याच्या तोंडातून निघून गेलं होतं.

“जानू, तुजी आवस जित्ती आसा.”

पोर त्याच्याकडे बघत राहिली. ती हिशेब जुळवत होती हे त्याला दिसलं, आणि तो आपल्याला विचारला जाणारा प्रश्न ओळखून होता, मग ती इली नाय कित्याक, आणि त्याचं उत्तरही त्याने मनात धरलं होतं. पण पोरीने ते विचारलं नाही.

“मगे दोन वर्सां तिचां पान कोणी खाल्ल्यान?”

सत्यवानाने सारिकाकडे पाहिलं आणि ज्याला तीन वर्षं तोंड फुटलं नव्हतं ते, पोरीला धरूनच, सांगून टाकलं. कागद आला होता. त्यावर मेली असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. तुला दोघं म्हणून मीच सांगितलं. कागद आबांच्या ट्रंकेत आहे. सारिका दाराच्या चौकटीला हात धरून ऐकत होती. ती ओरडेल, शिव्या देईल, आपल्या अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला आवडलं असतं. ती फक्त म्हणाली, “मंगळवारी ह्याच सांगतलास?” त्याने मान हलवली. “मगे गेलां आपलां चेडू,” ती म्हणाली आणि पडवीतल्या तीन पानांतलं एक उचलून, पुसून, उभं घडी करून आत घेऊन गेली. तिने ते टाकलं नाही, आणि कुठे ठेवलं तेही त्याला दिसलं नाही.

दोन पानं वाढली. सत्यवानाने ती बावीच्या कठड्यावर नेऊन ठेवली, पाणी सोडलं, मागे सरकला. माडांवर कावळे होते, पण खाली येत नव्हते. तो का का करू लागला, आणि आपल्या आवाजाने ओशाळला; हे काम पोरीचं होतं. ती कुठे गेली म्हणून त्याने वळून पाहिलं. जान्हवी मागच्या खिडकीत होती, आतल्या बाजूने, स्टुलावर गुडघे टेकून. तिचं जेवणाचं ताट तिच्यापुढे होतं. गजांतून हात बाहेर काढून तिने वड्याचा तुकडा धरला होता आणि खिडकीच्या वळचणीला बसलेला एक कावळा तो तिच्या बोटांतून घेत होता, न बिचकता, सावकाश. तुकडा संपला की ती दुसरा मोडत होती. स्वतः एक घास खात नव्हती.

सारिका त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. इली तेव्हा म्हयनोभर अशीच करी, ती म्हणाली. पोटात काय घेई नाय. ताट पुसून जेवली म्हणून मी खुशीत, आणि सगळां जाय त्येच्या पोटात. तो कावळो तिचो आसा. रोज येता. तुमका ठावक नाय? तुमी तेव्हा कागदांच्या मागे होतास.

सत्यवानाने हात जोडायला वर घेतले होते ते तसेच राहिले. त्याला आई आठवली, पानाशी वाकलेली, बारा वर्षं थकलेली, आणि पदर कपाळाकडे नेणारा तिचा हात. तो हात धरावा असं त्याला वाटलं. आत जान्हवीने कावळ्याला काहीतरी सांगितलं, हळू, मालवणी नसलेलं, एखादा शब्द असेल नाही तर नुसता आवाज. मग तिने खिरीत बोटं बुडवून तीही गजाबाहेर धरली. बावीवरची दोन्ही पानं तशीच होती, वाटाण्यांवर माशी बसत होती. सारिका म्हणाली, चला, जेवून घेवा, तीन वाजाक इले.